गाय-म्हशींच्या सोनोग्राफीतल्या राखाडी छटा संगणक का मोजतो?

रेतन करून तीन आठवडे झाले आणि गाय पुन्हा माजावर आलेली दिसली नाही, तर त्याचे दोन अर्थ निघतात. एक तर ती गाभण आहे. नाहीतर ती उलटली, रात्री-अपरात्री माज येऊन गेला आणि तो कुणाच्या लक्षात आला नाही. गोठ्यात उभं राहून यातलं खरं काय ते सांगता येत नाही. म्हशींमध्ये ही अडचण जास्तच, कारण त्यांच्यात मुका माज बराच आढळतो आणि उन्हाळ्यात तर लक्षणं आणखी फिकी पडतात.

अशा वेळी पशुवैद्यकाकडे एक उपाय असतो, प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन. अंडाशयावर काम करणारा 'पीतपिंड' असेल तर हे औषध तो संपवतं आणि बहुतेक जनावरं पुढच्या दोन ते पाच दिवसांत माजावर येतात. पीतपिंड नुकताच तयार होत असेल किंवा आधीच निकामी झाला असेल, तर इंजेक्शन वाया जातं. आणि गाय गाभण असेल, तर त्याच इंजेक्शनने ती गाभडते.

म्हणजे सगळा निर्णय एका प्रश्नावर येऊन थांबतो. अंडाशयावर पीतपिंड आहे का, आणि असला तर तो काम करतोय का? पहिल्या भागाचं उत्तर सोनोग्राफी चांगलं देते. दुसऱ्या भागाचं उत्तर नुसत्या डोळ्याने देणं अवघड आहे. त्यासाठीच सोनोग्राफीचं चित्र संगणकात घालून त्यातल्या राखाडी छटा मोजण्याची पद्धत पुढे आली.

पडद्यावर दिसतं ते नेमकं काय असतं?

सोनोग्राफीचं चित्र हा फोटो नसतो, तो प्रतिध्वनीचा नकाशा असतो. गाय-म्हशींची तपासणी करताना प्रोब गुदाशयातून आत नेतात, कारण तिथून अंडाशय आणि गर्भाशय अगदी जवळ असतात. प्रोबमधले स्फटिक माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडतात आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपतात. या कामासाठी साधारण ५ ते १० मेगाहर्ट्झची वारंवारता वापरली जाते.

मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर धरला जातो. प्रोबपासून ४ सेंटिमीटरवर असलेल्या ऊतीचा प्रतिध्वनी सुमारे ५२ मायक्रोसेकंदांत परत येतो. किती वेळाने आला यावरून यंत्र खोली ठरवतं आणि किती जोराचा आला यावरून त्या ठिकाणी किती उजळ ठिपका काढायचा ते ठरवतं.

ध्वनी परततो तो मुख्यतः दोन वेगवेगळ्या प्रकारच्या ऊतींच्या सीमेवरून. शुद्ध द्रवात अशा सीमाच नसतात, म्हणून द्रवाने भरलेलं फॉलिकल काळं दिसतं. (फॉलिकल म्हणजे ज्यात बीजांड वाढतं तो द्रवाने भरलेला फोड, मराठी पुस्तकांत त्याला 'पुटक' म्हणतात.) रक्त आणि पाणी भरपूर असलेली ऊती साधारणपणे गडद राखाडी दिसते. तंतुमय ऊती उजळ दिसते आणि हाड पांढरं.

प्रत्येक ठिपक्याला म्हणजे पिक्सेलला एक आकडा असतो. नेहमीच्या ८-बिट चित्रात ० म्हणजे पूर्ण काळं, २५५ म्हणजे पूर्ण पांढरं आणि मधल्या सगळ्या राखाडी छटा. आकडे चित्रात आधीपासूनच असतात, संगणक फक्त ते वाचतो.

पीतपिंड म्हणजे २१ दिवसांचं घड्याळ

गायीच्या माजाचं चक्र सरासरी २१ दिवसांचं असतं. माज सुरू झाल्यावर साधारण एक ते सव्वा दिवसाने फॉलिकल फुटतं आणि बीजांड बाहेर पडतं. फुटलेल्या जागी काही दिवसांत पीतपिंड तयार होतो. तो प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनवतो. जोवर हे संप्रेरक रक्तात भरपूर आहे तोवर गाय माजावर येत नाही.

गर्भ राहिला नाही तर साधारण १६-१७ व्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयच प्रोस्टाग्लँडिन सोडतं, पीतपिंड बंद पडतो आणि नवा माज येतो. गर्भ राहिला असेल, तर भ्रूण त्याच सुमारास आपलं अस्तित्व रासायनिक संदेशाने कळवतो आणि पीतपिंड टिकून राहतो. इंजेक्शनमधलं औषध गर्भाशयाच्याच संदेशाची नक्कल करतं. गाभण गायीला ते धोक्याचं ठरतं ते याचमुळे.

खरी अडचण पीतपिंड बंद पडताना येते. तो आधी कामाने संपतो आणि नंतर आकाराने. प्रोस्टाग्लँडिनचा परिणाम सुरू झाला की प्रोजेस्टेरॉन एखाद्या दिवसात झपाट्याने उतरतं, पण गाठ मात्र पुढे अनेक दिवस अंडाशयावर दिसत राहते. त्यामुळे पडद्यावर २ सेंटिमीटरची गाठ दिसली म्हणजे ती चालू आहे असं म्हणता येत नाही. बंद पडलेल्या गिरणीची इमारत उभीच असते, तसं हे आहे.

रक्तातलं प्रोजेस्टेरॉन मोजलं तर उत्तर मिळतं. मिलिलिटरमागे १ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर पीतपिंड काम करतोय असं सामान्यतः मानतात. पण नमुना प्रयोगशाळेत जाऊन निकाल येईपर्यंत वेळ जातो, आणि निर्णय तर जनावर समोर असतानाच घ्यायचा असतो. म्हणून चित्रातूनच काही कळतंय का, याचा शोध सुरू झाला.

डोळा कुठे कमी पडतो?

अनुभवी पशुवैद्यक चित्र बघून बरंच काही सांगतात. तरी राखाडी रंगाच्या बाबतीत माणसाचा डोळा दोन ठिकाणी फसतो.

पहिलं म्हणजे चित्रात २५६ छटा असल्या, तरी जवळजवळच्या छटा डोळ्याला वेगळ्या करता येत नाहीत. ८० आणि ८४ यांतला फरक संगणकाला स्पष्ट असतो, माणसाला तो दिसत नाही.

दुसरं म्हणजे डोळा रंग एकटा बघत नाही, शेजारच्या रंगाशी तुलना करून बघतो. तीच राखाडी छटा काळ्या पार्श्वभूमीवर उजळ वाटते आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर मळकट. अंडाशयावर हा भ्रम हमखास होतो, कारण पीतपिंडाच्या शेजारी बऱ्याचदा काळंभोर मोठं फॉलिकल असतं.

शिवाय 'जरा उजळ', 'थोडा खरखरीत' असे शब्द दोन डॉक्टर एकाच अर्थाने वापरतील याची खात्री नसते. तोच डॉक्टर सकाळी आणि संध्याकाळी एकच उत्तर देईल असंही नाही. आकड्यात लिहिलेलं वर्णन निदान पडताळून तरी बघता येतं.

संगणक नेमकं काय मोजतो?

सुरुवातीला चित्रातला हवा तो भाग आखून घेतात, उदाहरणार्थ पीतपिंडाची कड. त्याच्या पोटात द्रवाची पोकळी असेल तर ती वगळतात. अशी पोकळी निरोगी पीतपिंडातही बऱ्याचदा आढळते, तो आजार नाही. पण तिचे काळे पिक्सेल हिशेबात आले तर सगळी सरासरी बिघडते. मग आखलेल्या भागातल्या पिक्सेलवर तीन प्रकारचे हिशेब होतात.

सरासरी: आखलेला भाग एकूण किती उजळ आहे ते यातून कळतं.

विखुरणं: पिक्सेल सरासरीपासून किती लांब पसरलेत ते यातून कळतं. समजा एका जागी नऊ पिक्सेल आहेत: ७८, ८२, ८०, ७९, ८१, ८०, ८२, ७८, ८०. दुसऱ्या जागी आहेत: ४०, १२०, ८०, ११०, ५०, ८०, ६०, १००, ८०. दोन्हींची सरासरी ८० च आहे. पण पहिल्या जागेचं प्रमाण विचलन सुमारे १.४ आणि दुसऱ्या जागेचं सुमारे २५ आहे. पहिली ऊती एकसारखी, दुसरी ठिगळाठिगळांची. सरासरीत ही गोष्ट लपून गेली होती.

पोत: बुद्धिबळाच्या पटावर ३२ काळी आणि ३२ पांढरी घरं असतात. सगळी काळी घरं एका बाजूला आणि पांढरी दुसऱ्या बाजूला लावली तरी सरासरी तीच राहते आणि विखुरणंही तेच. बदलतो तो पोत. कोणत्या छटेच्या शेजारी कोणती छटा किती वेळा येते, याचा तक्ता करून पोत मोजता येतो. रॉबर्ट हॅरॅलिक आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये अशी १४ मापं मांडली. तेव्हा त्यांच्यासमोर वालुकाश्माची सूक्ष्मचित्रं, विमानातून घेतलेले फोटो आणि उपग्रहाची चित्रं होती. तीच मापं पुढे वैद्यकीय चित्रांवर वापरली जाऊ लागली.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. चित्रात दिसणारे बारीक दाणे म्हणजे पेशी नव्हेत. ७.५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ०.२ मिलिमीटर असते आणि पीतपिंडाची पेशी मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी. म्हणजे या लहरीला एकेकटी पेशी दिसूच शकत नाही. अनेक बारीक प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून ते दाणे तयार होतात. पेशी, केशवाहिन्या आणि तंतू यांची मांडणी बदलली की हे मिसळणंही बदलतं. पोत मोजण्यामागचं गृहीतक इतकंच आहे.

ही पद्धत कुठून आली?

जनावरांच्या प्रजनन तपासणीत सोनोग्राफी आली ती घोडीपासून. फ्रान्समधल्या पामर आणि ड्रायनकोर्ट यांनी १९८० मध्ये घोडीच्या तपासणीत तिचा वापर प्रसिद्ध केला. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात ऑलिव्हर गिंथर यांच्या गटाने हे काम मोठ्या प्रमाणावर वाढवलं. रॉजर पिअर्सन आणि गिंथर यांचा गायीच्या अंडाशयाच्या सोनोग्राफीवरचा लेख १९८४ चा.

त्याआधी जिवंत गायीच्या अंडाशयात रोज काय घडतं हे बघण्याची सोयच नव्हती. १९६० मध्ये राजाकोस्की यांनी कत्तलखान्यातून आणलेली अंडाशयं तपासून म्हटलं होतं की फॉलिकल एकेकटी वाढत नाहीत, त्यांच्या लाटा येतात. त्यावर बरीच वर्षं वाद चालला. एकाच गायीची रोज सोनोग्राफी करणं शक्य झालं तेव्हा, १९८० च्या दशकात, तो मिटला. गायीच्या एका चक्रात बहुधा दोन किंवा तीन लाटा येतात.

कॅनडातलं सस्कॅचवान विद्यापीठ हे या पुढच्या टप्प्याचं मुख्य ठिकाण. तिथे पिअर्सन आणि ग्रेग अ‍ॅडम्स यांनी १९९० च्या दशकात सोनोग्राफीच्या चित्रांचं संगणकी विश्लेषण सुरू केलं. जसवंत सिंग, पिअर्सन आणि अ‍ॅडम्स यांचे गायीच्या पीतपिंडावरचा १९९७ चा आणि फॉलिकलवरचा १९९८ चा असे दोन अभ्यास या विषयात पायाचे मानले जातात.

जनावरांवरच्या या कामाचा माणसांनाही उपयोग झाला. अँजेला बेअरवॉल्ड, अ‍ॅडम्स आणि पिअर्सन यांनी २००३ मध्ये दाखवलं की स्त्रियांच्या मासिक चक्रातही फॉलिकलच्या दोन किंवा तीन लाटा येतात.

पीतपिंड आणि फॉलिकलमध्ये काय आढळलं?

१९९७ च्या अभ्यासात चक्राच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या गायींचे पीतपिंड तपासले गेले. सोनोग्राफीच्या चित्रातले आकडे, प्रोजेस्टेरॉनचं प्रमाण आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी ऊतींची रचना हे तिन्ही शेजारी ठेवून बघितलं. चित्रातले बदल ऊतींतल्या आणि संप्रेरकातल्या बदलांशी जुळत असल्याचं दिसलं.

यामागचं कारण समजण्यासारखं आहे. ऐन भरातला पीतपिंड हा शरीरातल्या सर्वाधिक रक्तपुरवठा असलेल्या ऊतींपैकी एक असतो. तिथे पेशींच्या अगदी लगत केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं. तो मरू लागला की रक्तपुरवठा आटतो, पेशी नाहीशा होतात आणि जागा तंतुमय ऊती घेते. शेवटी उरतो तो पांढरट वण. घडण बदलली की प्रतिध्वनी बदलतो.

फॉलिकलचा प्रश्न वेगळा आहे. १४ मिलिमीटरचं फॉलिकल दिसलं, पण ते वाढत आहे, थांबलं आहे की उतरणीला लागलं आहे? एका दिवसाच्या मापावरून हे सांगता येत नाही, रोज मोजावं लागतं. उतरणीला लागलेल्या फॉलिकलमध्ये आतल्या अस्तराच्या पेशी सुटून द्रवात पडतात आणि भिंतीची रचना बदलते. म्हणून फॉलिकलच्या मधल्या द्रवापासून भिंतीच्या बाहेरपर्यंत एक रेघ आखून तिच्यावर राखाडी छटा कशा चढत जातात ते बघितलं जातं. १९९८ च्या अभ्यासाने अशा मापांचा फॉलिकलच्या अवस्थेशी संबंध दाखवला.

पुढे वेगवेगळ्या देशांत असेच अभ्यास झाले, पण सगळ्यांचे आकडे एकसारखे आले नाहीत. काहींना सरासरी छटेचा प्रोजेस्टेरॉनशी संबंध दिसला, काहींना विखुरण्याचा दिसला, काहींना साध्या आकारमानाचाच संबंध जास्त घट्ट वाटला. म्हणूनच 'अमुक आकड्याच्या वर पीतपिंड चालू, खाली बंद' अशी सर्वत्र चालणारी रेषा आजवर कुणाला आखता आलेली नाही.

वळूच्या बाबतीत

एका वळूच्या गोठवलेल्या रेतमात्रा हजारो गायींपर्यंत जातात. पुणे जिल्ह्यात उरुळी कांचन इथे 'बायफ' संस्थेचं असंच रेतमात्रा केंद्र आहे. अशा ठिकाणी वळू निवडण्यात झालेली चूक गावोगावच्या गोठ्यांत पोहोचते. म्हणून वळूच्या वृषणांची तपासणी महत्त्वाची असते.

पारंपरिक माप टेपचं आहे, वृषणकोशाचा घेर. तो उपयोगी आहे, पण आतल्या ऊतीबद्दल तो काही सांगत नाही. १९९० च्या दशकात गोऱ्ह्यांच्या आणि मेंढ्यांच्या वाढत्या वृषणांची ठरावीक काळाने सोनोग्राफी करण्यात आली. शुक्राणू तयार करणाऱ्या नलिका विकसित होत जातात तसं वृषणाचं चित्र उजळ होत जातं, असं त्यात दिसलं. मोजमाप करताना वृषणाच्या मधोमध जाणारा उजळ पट्टा वगळावा लागतो, कारण तो आधारऊतीचा असतो.

वळू वयात आला हे ठरवण्याची संशोधनातली रूढ कसोटी अशी आहे: एका वेळच्या वीर्यात किमान ५ कोटी शुक्राणू आणि त्यांतले किमान १० टक्के हालचाल करणारे. चित्रातल्या आकड्यांवरून या टप्प्याचा अंदाज येतो का, हे तपासलं गेलं आहे. यात वेळेचा हिशेबही धरावा लागतो. वळूमध्ये शुक्राणू तयार व्हायला सुमारे ६१ दिवस लागतात. म्हणजे आजच्या वृषणाच्या चित्रात दिसणारी स्थिती आजच्या वीर्यापेक्षा काही आठवड्यांनंतरच्या वीर्याशी जास्त जुळू शकते. तरी वीर्यतपासणीची जागा सोनोग्राफी घेत नाही, ती तिला जोड देते.

रंगीत डॉप्लरने काय बदललं?

पीतपिंड चालू आहे का, या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत दुसरा मार्ग पुढे आला आहे. कलर डॉप्लर यंत्र वाहतं रक्त रंगात दाखवतं. पीतपिंडाच्या एकूण क्षेत्रापैकी किती भाग रंगीत आहे, हे संगणक पिक्सेल मोजून सांगतो. पीतपिंड बंद पडताना रक्तप्रवाह प्रोजेस्टेरॉनच्या जोडीने उतरतो, आकार मात्र मागे रेंगाळतो. म्हणून आकारापेक्षा रक्तप्रवाह हा अधिक भरवशाचा संकेत ठरतो.

याचा थेट उपयोग म्हणजे रेतनानंतर २० ते २२ व्या दिवसाच्या सुमारास केलेली तपासणी. त्या दिवशी पीतपिंडात रक्तप्रवाह नसेल, तर गाय गाभण नाही हे जवळपास निश्चित होतं आणि पुढच्या रेतनाची तयारी लगेच करता येते. उलट रक्तप्रवाह दिसला म्हणजे गाय गाभण आहेच असं नाही. तिचं चक्र थोडं लांबलं असेल, किंवा भ्रूण काही दिवस टिकून मेला असेल. त्यामुळे 'नाही' हे उत्तर पक्कं आणि 'हो' हे उत्तर कच्चं, असं या तपासणीचं स्वरूप आहे.

आकडा कधी फसवतो?

संगणकाने दिलेला आकडा नेमका दिसतो, म्हणून तो खरा वाटतो. पण तो ऊतीइतकाच यंत्रावरही अवलंबून असतो.

- यंत्राचं गेन बटण वाढवलं की सगळं चित्र उजळतं. समजा आधी ८० आलेली सरासरी आता ११० येईल. पीतपिंड तोच असतो.
- तीच ऊती प्रोबपासून २ सेंटिमीटरवर असताना आणि ५ सेंटिमीटरवर असताना वेगळी दिसू शकते, कारण खोल जाताना ध्वनी क्षीण होतो. यंत्र त्याची भरपाई करतं, पण ती नेहमीच अचूक नसते.
- द्रवातून जाताना ध्वनी फारसा कमी होत नाही. त्यामुळे फॉलिकलच्या पलीकडची ऊती आहे त्यापेक्षा उजळ दिसते. पीतपिंड नेमका तिथे असला तर आकडा चढतो.
- यंत्र बदललं, प्रोब बदलला किंवा चित्र मोबाइलवर पाठवताना दाबून लहान झालं, तरी पोत बदलतो.

म्हणून नीट केलेल्या अभ्यासांत यंत्राच्या सगळ्या सेटिंग पहिल्या दिवशी ठरवून शेवटपर्यंत तशाच ठेवतात, एकाच ऊतीची अनेक चित्रं घेतात आणि मोजणाऱ्याला ते चित्र कोणत्या जनावराचं आहे हे कळू देत नाहीत. एकाच यंत्रावर, त्याच सेटिंगवर, त्याच जनावराची दोन दिवसांच्या अंतराने घेतलेली मापं तुलनेला चालतात. दोन गावांतल्या दोन यंत्रांचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नसतो.

आणखी एक मर्यादा आहे आणि ती मोठी आहे. चक्राच्या मधल्या दिवसांतला पीतपिंड आणि गाभण गायीचा पीतपिंड हे दोन्ही चालू असतात. राखाडी छटा मोजून त्यांतला फरक सांगता येत नाही. पीतपिंड चालू दिसला म्हणून प्रोस्टाग्लँडिन द्यायचं ठरवलं, तर गर्भ नाही याची खात्री वेगळी करावीच लागते.

कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यावर

पूर्वी पीतपिंडाची कड माणूस माउसने आखत असे. आता हे काम न्यूरल नेटवर्क करू शकतं. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातून २०१५ मध्ये आलेली 'यू-नेट' ही रचना वैद्यकीय चित्रांत कडा आखण्यासाठी जगभर वापरली जाते आणि अंडाशयाच्या चित्रांसाठीही तिचे प्रयोग होतात. मोजणीसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी तयार केलेलं 'इमेजजे' हे मोफत सॉफ्टवेअर संशोधक आणि विद्यार्थी वापरतात.

यामुळे वेळ वाचतो, पण वरच्या अडचणी सुटत नाहीत. होल्स्टिन गायींच्या चित्रांवर शिकलेलं सॉफ्टवेअर म्हशीवर तितकंच चालेल असं धरता येत नाही. म्हशीचा पीतपिंड गायीपेक्षा लहान असतो आणि बऱ्याचदा अंडाशयात रुतलेला असतो, बाहेर उठून दिसत नाही. त्यामुळेच हात घालून तपासताना तो हाताला लागत नाही आणि म्हशीत सोनोग्राफीचा फायदा जास्त होतो. २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात जवळपास ११ कोटी म्हशी आहेत. मुऱ्हा असो की पंढरपुरी, इथल्या जनावरांची चित्रं घेऊन तपासलेली साधनंच इथल्या गोठ्यांत भरवशाची ठरतील.

पशुपालकाने काय लक्षात ठेवायचं?

माजाची आणि रेतनाची तारीख लिहून ठेवणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी साधन आहे. तारीख माहीत असली की पडद्यावरच्या गाठीचा अर्थ लावणं निम्म्याने सोपं होतं.

गाभण तपासणीसाठी साधी सोनोग्राफी रेतनानंतर २८ ते ३० दिवसांपासून भरवशाची असते. त्यानंतरही काही गर्भ जातात, म्हणून सुमारे ६० दिवसांनी पुन्हा तपासून घेणं चांगलं. रेतन झालेल्या जनावराला माजावर आणण्याचं इंजेक्शन देण्याआधी ती गाभण नाही हे तपासलं आहे का, हे डॉक्टरांना विचारायला संकोच करू नये.

'एआय सोनोग्राफी' म्हणून एखादं यंत्र विकायला कुणी आलं, तर तीन प्रश्न विचारावेत. हे सॉफ्टवेअर कोणत्या जातीच्या जनावरांवर तपासलं? त्याचं उत्तर बरोबर आहे हे कशावरून ठरवलं, रक्तातल्या प्रोजेस्टेरॉनवरून, प्रत्यक्ष विण्यावरून की नुसत्या एखाद्या डॉक्टरच्या मतावरून? आणि यंत्राची सेटिंग बदलली तर उत्तर बदलतं का?

एक माज हुकला की २१ दिवस जातात. तेवढ्या दिवसांचा चारा आणि खुराक लागतोच, पुढचं वेत मात्र लांबतं. राखाडी छटा मोजण्याची पद्धत अजून मुख्यतः संशोधनात वापरली जाते. ती गोठ्यापर्यंत आली तरी तारखेची नोंद, गाभण तपासणी आणि जनावराला ओळखणारा पशुवैद्यक यांची गरज राहणारच आहे.